टाकी किती लिटरची?

जुन्या व्हॅनचा पेट्रोलचा काटा एकदा मेला की मेला. मूळ पार्ट मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग लोक बाहेरून एखादं डिजिटल मीटर आणून बसवतात. हल्ली ही मीटरं स्वस्त झालीत आणि दिसायलाही झकास असतात. पण पहिल्यांदा चालू केलं की ते आधी तुमचीच परीक्षा घेतं. टाकी रिकामी असताना फ्लोटचा रेझिस्टन्स किती? भरलेली असताना किती? आणि टाकीची क्षमता किती लिटर?

पहिल्या दोन प्रश्नांना लोक घाबरतात आणि तिसऱ्याचं उत्तर दोन सेकंदांत ठोकून देतात. "चाळीस टाक रे!" माझं मत नेमकं उलटं आहे. पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. खरा अवघड प्रश्न तिसरा, आणि त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं. ते मोजावं लागतं. आज त्यावरच लिहितोय.

सोपं आधी संपवू. टाकीत एक फ्लोट असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या दांडीला जोडलेला रेझिस्टन्स बदलतो. मीटर तेवढाच वाचतं. त्याला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ओहम दिसतात. अमेरिकन पद्धतीच्या फ्लोटचा रेझिस्टन्स रिकाम्या टाकीत २४० आणि भरलेल्या टाकीत ३३ ओहम असतो. युरोपियन पद्धतीत रिकामी १० आणि भरलेली १८०. म्हणजे दोघांची दिशाच उलटी. मीटर एका पद्धतीवर आणि फ्लोट दुसऱ्या पद्धतीचा असला तर पेट्रोल संपत जाईल तसा काटा चढत जातो. (पेट्रोलच्या भावाबद्दल असं झालं असतं तर कोणाची हरकत नव्हती!) पण यात बुद्धीचं काम नाही. मल्टिमीटर लावा, फ्लोट हाताने खाली-वर करा, दोन आकडे लिहून घ्या, झालं.

आता तिसरा प्रश्न.

माढ्याला आमच्या चुलत्यांकडे, म्हणजे आप्पांकडे, एक जुनी मारुती ओम्नी आहे. मारुतीने १९८४ साली ही व्हॅन आणली आणि २०१९ मध्ये बंद केली, पण माढा-कुर्डुवाडी-टेंभुर्णी पट्ट्यात ती अजून बंद पडायला तयार नाही. दिवसा त्यात डाळिंबाचे क्रेट असतात. आणि रात्री-अपरात्री कोणाला छातीत दुखायला लागलं, कोणाची बाळंतीण अडली, तर लोक आधी आप्पांचं दार वाजवतात. सोलापूर साठ-सत्तर किलोमीटर. त्या वेळेला गावातला पंप उघडा असेलच असं नाही. म्हणून ही टाकीची चर्चा मला फावल्या वेळचा उद्योग वाटत नाही. रात्री दोन वाजता गाडीत पेट्रोल किती आहे, हे नक्की माहीत असणं आणि 'असंल की पाचसा लिटर' असं वाटणं यात फरक आहे, आणि तो फरक मागच्या सीटवर झोपवलेल्या माणसाला पडतो.

तर नवीन मीटर बसवायचं ठरलं आणि मी विचारलं, "आप्पा, टाकी किती लिटरची आहे?"

"चाळीसाची हाय की."

"तुम्ही मोजलीय कधी?"

"मोजायची कशाला? एवढी वर्षं चालवतोय."

मिस्त्री म्हणाला छत्तीस. इंटरनेटवर एका ठिकाणी पस्तीस, दुसऱ्या ठिकाणी छत्तीस. एक गाडी, तीन-चार उत्तरं, आणि प्रत्येक जण ठाम. नुसत्या गाडीच्या नावावरून तर बोलूच नये. ईको घ्या. जुन्या पेट्रोल ईकोची टाकी ४० लिटरची आणि अलीकडच्या मॉडेलची ३२ ची. नाव तेच, व्हॅन तीच, आठ लिटरचा फरक. 'ईको म्हणजे चाळीस' असं ऐकून कोणी नवीन गाडीतल्या मीटरला सांगितलं तर ते बिचारं आयुष्यभर नसलेलं पेट्रोल दाखवत राहील.

पण समजा मॉडेल बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे. तरी 'क्षमता' हा एक आकडा नसतोच. निदान तीन असतात.

पहिली छापील क्षमता. ती साधारणपणे पंपाचं नोझल 'खट्ट' करून आपोआप थांबतं तिथपर्यंतची. दुसरी गळ्यापर्यंतची, म्हणजे नोझल थांबल्यावरही "अजून बसंल, टाक" म्हणत राहिलं तर जेवढं मावेल तेवढी. ही छापील आकड्यापेक्षा काही लिटरने जास्त भरते. ती वरची जागा कंपनीने विसरून सोडलेली नाही. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण एक हजारांश. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल भरून गाडी मे महिन्यात माढ्याच्या उन्हात उभी केली आणि ते पंधरा अंशांनी तापलं, तर चाळीस लिटरचं अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. त्याला जायला जागा हवी ना! शिवाय नव्या गाड्यांत पेट्रोलची वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो. गळ्यापर्यंत भरलं की त्यात वाफेऐवजी पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो.

तिसरी क्षमता वापरण्याजोगी. टाकीच्या तळाला थोडं पेट्रोल असं असतं की ते नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाही. चढावर किंवा वळणावर तर अजून लवकर हवा ओढली जाते. ज्या गाड्यांचा पंप टाकीच्या आत असतो, त्यांत तो पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून तळाचं पेट्रोल हिशेबात धरूच नये.

छापील आकडा जाहिरातीसाठी ठीक, गळ्यापर्यंतचा पैजेसाठी ठीक. गाडी चालवणाऱ्याच्या कामाचा आकडा तिसरा. आणि तो कोणी छापत नाही.

बरं, क्षमता बरोबर भरली तरी मीटर मधल्या प्रवासात फसवतंच, कारण टाकी म्हणजे काही बिस्किटाचा चौकोनी डबा नाही. गाडीखाली जिथे जागा मिळाली तिथे दाबून, वळवून बसवलेलं भांडं आहे ते. फ्लोट उंची मोजतो, आपल्याला हवं असतं आकारमान. साधं उदाहरण घ्या. आडवा गोल टँकर पाव उंचीपर्यंत भरला तर त्यात पाव पाणी असतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात साडेएकोणीस टक्केच असतं. एक दशांश उंचीला तर फक्त पाच टक्के. गंमत म्हणजे ज्या पेट्रोल पंपावर आपण काट्याकडे बघून अंदाज बांधत असतो, तो पंपवाला स्वतः अंदाज बांधत नाही. त्याच्या जमिनीखालच्या टाक्या आडव्या गोलच असतात. तो त्यात डिप मारतो, दांडीवर किती सेंटिमीटर ओलं झालं ते बघतो आणि मग तक्ता उघडून लिटर वाचतो. त्या टाकीसाठी बनवलेला तक्ता! इतकी साधी गोष्ट आहे. विकणाऱ्याकडे तक्ता आहे, विकत घेणाऱ्याकडे नाही.

मग आपण आपला तक्ता करावा, एवढंच माझं म्हणणं. पद्धत रॉकेट सायन्स नाही. गाडी मिस्त्रीकडून मोकळ्या जागेत रिकामी करून घ्यायची (बंद शेडमध्ये नाही, आणि विडी ओढणारे प्रेक्षक लांब). तळाला जे उरतं ते मोजायचं, ते वेगळं लिहायचं. मग पंपावर जाऊन पाच-पाच लिटर टाकून घ्यायचं. प्रत्येक वेळी गाडी सपाट जागेवर, मिनिटभर थांबायचं, पेट्रोल हलायचं थांबलं की ओहम लिहायचे. नोझल पहिल्यांदा थांबलं की आपणही थांबायचं. गळ्यापर्यंत जायचं नाही. बहुतेक बऱ्या मीटरांत असे पाच-दहा बिंदू भरायची सोय असते. मालवाहतुकीच्या गाड्यांत डिझेलचोरी पकडायला जे सेन्सर बसवतात, तेही असंच टप्प्याटप्प्याने डिझेल भरून जुळवतात. त्यांना परवडतं, कारण तिथे चोरीचा प्रश्न असतो. आपल्याकडे निम्म्या रस्त्यात अडकण्याचा असतो.

आप्पांच्या गाडीत तळाचं दीड लिटर निघालं. पहिल्या चार लिटरांपर्यंत फ्लोट जागचा हललाच नाही आणि शेवटच्या तीन लिटरांत तो वर जाऊन टेकून बसला होता. टाकीत दहा लिटर असताना सरळ रेषेचा हिशेब तेरा दाखवत होता. नोझल थांबलं तेव्हा टाकीत एकूण साडेचौतीस होते. म्हणजे वापरण्याजोगे ३३. आप्पांचे चाळीस आणि खरे तेहतीस यांत सात लिटर हवेत होते. ओम्नी लिटरला चौदा देते असं धरलं तर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे सोलापूरला जाऊन अर्ध्या वाटेवर परत!

इतकी वर्षं चालवूनही हे कळत कसं नाही? माझ्या मते कारण सोपं आहे. आपण पेट्रोल लिटरमध्ये घेतच नाही. "दोनशेचं टाक", "पाचशेचं टाक". रुपये गोल, लिटर तुटके. शंभरी ओलांडलेल्या भावात पाचशे रुपयांचं पाच लिटरही येत नाही, आणि भाव बदलला की तेही बदलतं. टाकीला रुपये कळत नाहीत. ज्याने आयुष्यभर पाचशेचं टाकलं, त्याला त्याची टाकी किती लिटरची ते कळणार तरी कुठून?

याचाच दुसरा तोटा म्हणजे नको तिथे भांडण. 'माझी टाकी पस्तीसची आणि पंपाने सदतीस लिटर भरलं, म्हणजे चोरी!' असे मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरतात. वर सांगितलेली दुसरी क्षमता लक्षात घेतली तर यात चोरी सिद्ध होत नाही. याचा अर्थ चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनौच्या पंपांवर छापे घालून यंत्रात बसवलेल्या चिप पकडल्या, आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने आपल्या राज्यातल्या पंपांवरही असेच प्रकार उघड केले. संशय खोटा नाही, पुरावा चुकीचा आहे. बरोबर पुरावा पंपावरच ठेवलेला असतो. वैधमापन खात्याने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. टाकीच्या छापील आकड्यावरून भांडलात तर पंपवाला हसेल, मापावरून भांडलात तर हसणार नाही.

आता शून्याकडे येऊ. मीटरवर शून्य कुठे ठेवायचं? यावर माझं आणि मिस्त्रीचं एकमत झालं नाही. तो म्हणाला, पाच-सहा लिटर असतानाच शून्य दाखवू दे, म्हणजे माणूस सावध राहतो. कल्पना चांगली वाटते. पण माढा तालुक्यातल्या माणसाला खोट्या शून्याचं काय होतं ते सांगायची गरज नाही, कारण आपल्या तालुक्यातच उजनी धरण आहे.

उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृत साठा त्याहून जास्त, सुमारे ६३.६६ टीएमसी. पेपरातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे 'उजनी शून्यावर' अशी बातमी येते तेव्हा धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. पावसाळ्यात ते शंभरच्या वर एकशे दहा टक्क्यांपर्यंत जातं आणि उन्हाळ्यात उणेमध्ये. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. उणे साठ टक्के पाणी! हिशेब केला तर तेव्हाही एकतीस टीएमसीहून जास्त पाणी होतं. पण याचा परिणाम बघा. शून्याखालीही पाणी असतं हे सगळ्यांना एकदा कळलं की शून्याची भीती जाते. उणे दहाला कोणी दचकत नाही, उणे वीसलाही नाही. मग खरी तळाची वेळ येते तेव्हा इशारा द्यायला आकडाच शिल्लक राहत नाही. तेच टीएमसीत सांगा, आज इतकं आहे, रोज इतकं जातं, की शेतकऱ्याला लगेच कळतं. (धरणातही गाळ साठतो, म्हणून अधूनमधून त्याची क्षमता नव्याने मोजावी लागते. पोचे आणि गंज धरलेल्या टाकीला वेगळा न्याय कशाला?)

गाडीचंही तेच. मीटरने शून्यावर पाच लिटर लपवले तर आप्पांना आठवड्याभरात कळणार, "आरं, झिरोवर बी पाच लिटर असतंय." मग ते झिरोवर मोहोळपर्यंत जाऊन येणार. सावधपणा शिकवायला घातलेलं खोटं बेफिकिरी शिकवतं. म्हणून शून्य खरं ठेवावं, आणि राखीव उघडपणे वेगळं सांगावं. जुन्या बजाज स्कूटरला रिझर्व्हचा कॉक होता तो मला या बाबतीत आदर्श वाटतो. गाडी आचके देते, तुम्ही हाताने कॉक फिरवता, आणि त्या क्षणापासून तुम्हाला नक्की माहीत असतं की आता राखीव चालू आहे. त्यात टक्के नाहीत, दिवे नाहीत, खोटं तर मुळीच नाही.

एक आकडा चुकला की शिकलेल्या माणसांचंही काय होतं, त्याचा दाखला एअर कॅनडाच्या विमानाचा. २३ जुलै १९८३. नवं कोरं बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाची मीटरं बंद होती म्हणून टाकीत दांडीने माप घेतलं. माप बरोबर होतं. पण लिटरचे किलो करताना गुणायचं होतं साधारण ०.८ ने, आणि गुणलं १.७७ ने, जो आकडा पौंडांचा. हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. ४१ हजार फुटांवर इंजिनं बंद पडायला लागली आणि वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगवत गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. ते वैमानिकांचं कसब. आपल्याला मोहोळच्या रस्त्यावर व्हॅन तरंगवता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की एवढी उठाठेव कशाला, काटा खाली आला की पेट्रोल टाकावं. शहरात, दर दोन किलोमीटरला पंप असताना, हे अगदी बरोबर आहे. माझ्या पुण्यातल्या मित्रांना हा लेख वाचून काहीच करायची गरज नाही :) पण जिथे रात्री पंप बंद असतो, गाडी एकच असते आणि तिच्यावर चार घरांचा भरवसा असतो, तिथे काट्याचा अर्थ माहीत असणं ही चैन नाही. दुसरा आक्षेप, मीटर हुशार आहे, ते आपोआप शिकेल. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो म्हणून सांगतो, यंत्र हुशार असतं ते त्याला दिलेल्या आकड्याच्या आत. चाळीस सांगितलंत तर ते मोठ्या इमानाने, दोन दशांश स्थळांपर्यंत, चाळीसाचा हिशेब दाखवेल. दशांश दिसले की आपल्याला ते अचूक वाटतं, हा आपला दोष.

आप्पांच्या मीटरवर आता टक्के नाहीत, फक्त लिटर आहेत. वापरण्याजोगे ३३, शून्य म्हणजे खरं शून्य, आणि सहा लिटरवर लाल रेघ. सहाच का? सोलापूर सत्तर किलोमीटर, लिटरला चौदा, म्हणजे पाच, आणि वर एक रस्त्यातल्या अडचणीला. ही रेघ कंपनीने ठरवलेली नाही, मीळा विकणाऱ्यानेही नाही. ती दवाखान्याच्या अंतरावरून ठरलीय. तुमचं गाव वेगळं, तुमचा दवाखाना वेगळा, तर तुमची रेघही वेगळी.

टाकी रिकामी करणं जमत नसेल तरी एवढं करून बघा. काटा तळाशी आला की पंपावर जा, नोझल आपोआप थांबेपर्यंत भरा, आणि पावतीवरचे रुपये न बघता लिटर वहीत लिहा. असं तीन वेळा. त्या तीन आकड्यांत तुमच्या टाकीबद्दल पुस्तकापेक्षा जास्त माहिती असेल. आणि पुढच्या वेळी पंपावर "पाचशेचं" म्हणायच्या ऐवजी "पाच लिटर" म्हणा. सुट्ट्या पैशांची थोडी कटकट होईल, पण आता बहुतेक पंपांवर मोबाईलने पैसे देता येतात, त्यामुळे तीही सबब उरलेली नाही.